दोघांचेही दहापैकी पाचच, पण…

"मॅडम, तो मला आवडतो पण आणि डोक्यात पण जातो, मग आमचं नातं चांगलं म्हणायचं की वाईट?" असं विचारणारं कुणी ना कुणी येतच असतं माझ्याकडे समुपदेशनाला.

परळची एक जोडी, ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. वन रूम किचन, सासू-सासरे सोबत. नात्याला दहापैकी किती विचारलं तर दोघंही पाच म्हणाले, नवरा खूश, बघा आमचं एकमत आहे!

मग मी प्रश्न तोडला. आधी फक्त चांगलं बघायचं, वाईट पूर्ण बाजूला, त्याला किती ते सांगा, नंतर उलट. फिंचम आणि लिनफील्ड या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९९७ मध्ये ही पद्धत मांडली, कारण समाधानी-असमाधानी अशा एकाच पट्टीवर मोजलं की मधला आकडा येतो आणि कळतच नाही की माणूस दोन्हीकडून ओढला जातोय की त्याला काही वाटतच नाहीये.

तिचे निघाले चांगल्याला नऊ, वाईटाला आठ. मी तापाने फणफणले तेव्हा हा रात्रभर जागा होता सांगताना डोळे भरले, आणि त्याच दमात, आईसमोर माझी बाजू कधी घेत नाही म्हणून आवाज चढला. त्याचे तीन आणि दोन. "आमची भांडणं नाहीतच हो," पण दोघांनी मिळून शेवटची मजा कधी केली विचारलं तर डोकं खाजवत बसला, मग म्हणाला, मागच्या गणपतीत गावी गेलेलो ते.

दोन्ही एकदम वाटणं नॉर्मल आहे, तिला तेच सांगितलं. फक्त नऊ वजा आठ करत बसू नका. तिचा आठ बहुतेक एकाच ठिकाणी साचलाय, सासूबाईंसमोरचं त्याचं गप्प बसणं, तर त्यावर काम. त्याच्याकडे कमी करण्यासारखं काही नाहीच, तिथे भर घालायला हवी, म्हणून रविवारी दोघंच शिवाजी पार्कला, मोबाईल घरी. (मारहाण, धमक्या असतील तर हे आकडे राहू देत, आधी सुरक्षितता बघायची.)

काही सेशननंतर परत विचारलं तर त्याचं चांगलं चारवर आणि वाईट पाचवर! घाबरलाच, "मॅडम, हे तर वाढलं की." म्हटलं वाढू दे, जेवताना ती माहेरी फोन लावून बसते त्याची चीड येते हे आज पहिल्यांदा बोललास, तेही तिच्यासमोर.