‘एन्काउंटर झाला’ की ‘एन्काउंटर केला’? आणि चकमक नक्की कशाला म्हणायचं

प्रश्न असा आलाय: कानपूरच्या विकास दुबे प्रकरणात (2020 मधे हा गुंड अटकेनंतर पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला) पोलीस बरोबर वागले की चूक यावर लेख लिहिताना एकानं वाक्य लिहिलं, "फरार गुंड विकास दुबे चकमकीत ठार झाला." मित्र म्हणाला चकमक वगैरे कशाला, सरळ "पोलिसांनी त्याचा एन्काउंटर केला" लिही, अर्थ एकच. तर अर्थ खरंच एकच आहे का, आणि एन्काउंटर ‘झाला’ लिहायचं की ‘केला’?

माझं उत्तर: अर्थ एक नाही, आणि झाला/केला हा प्रश्न तर फार महत्त्वाचा आहे, कारण त्या एका क्रियापदात अख्खा वाद बसलाय.

आधी चकमक. शब्द मूळचा तुर्की, फारसी-हिंदुस्तानीतून आपल्याकडे आला. गारगोटीवर पोलादाचा तुकडा आपटून ठिणगी पाडायची ती चकमक, आणि त्यावरून दोन टोळ्या किंवा सैन्याच्या तुकड्या अचानक समोरासमोर येऊन जी छोटी झटापट होते तीही चकमक. मोठ्या लढाईला आपण चकमक म्हणत नाही. आता गंमत नाही, मुद्दा बघा: नुसत्या दगडातून ठिणगी पडत नाही आणि नुसत्या पोलादातूनही नाही, दोन्ही एकमेकांवर आपटावं लागतं, आणि शब्दाचा हा स्वभाव मराठीच्या व्याकरणातही टिकून राहिलाय. चकमक उडते, झडते, होते. पोलिसांशी चकमक झाली, दोन गटांमधे चकमक उडाली, सभागृहात शाब्दिक चकमक झडली. ‘-शी’ किंवा ‘-मधे’ बहुतेकदा लागतं, नसलं तरी दोन बाजू लागतातच. "पोलिसांनी त्याची चकमक केली" असं वाक्य कुणाही मराठी माणसाच्या तोंडून निघणार नाही, जीभच वळत नाही.

आणि एन्काउंटर? इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ अचानक गाठ पडणं, शत्रूशी आमनेसामने येणं, म्हणजे मुळात तोही दोन बाजूंचाच शब्द. पण मराठीत आल्यावर त्याचं जे झालं ते बघण्यासारखं आहे. आपण म्हणतो "त्याचा एन्काउंटर केला". आता याच साच्यातली बाकीची वाक्यं आठवा: त्याचा खून केला, त्याचा वध केला, त्याचा घात केला, आणि मुंबईच्या टोळ्यांच्या भाषेत, त्याचा गेम केला. ‘त्याचा’ लावलं की तो माणूस कर्म झाला, त्याच्या हातात काही उरलं नाही, करणारा दुसराच. म्हणजे रोजच्या बोलण्यात मराठी माणसानं एन्काउंटर हा शब्द ‘खून’ आणि ‘गेम’च्या रांगेत नेऊन बसवलाय आणि ते कुठल्या भाषातज्ज्ञानं नाही केलं, बातम्या ऐकून ऐकून लोकांनी आपसूक केलं. भाषा बोलणाऱ्याला जे मनातून वाटतं ते व्याकरणात उतरतं, तो उघड बोलला नाही तरी.

हे कधी झालं असेल? मुंबईतला पहिला एन्काउंटर म्हणून 11 जानेवारी 1982 ला वडाळ्यात झालेल्या गुंड मन्या सुर्वेच्या मृत्यूचं नाव घेतलं जातं. पण शब्द घराघरात गेला तो नव्वदच्या दशकात. 1995 ते 1997 या काळात मुंबई पोलिसांच्या 99 चकमकींमधे सुमारे 135 माणसं मेली, हा आकडा सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या पीयूसीएल (एक नागरी हक्क संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातला आहे, आणि त्याच खटल्यात सप्टेंबर 2014 मधे न्यायालयानं अशा मृत्यूंची चौकशी कशी करायची याच्या देशभरासाठी 16 सूचना घालून दिल्या. त्याच दशकात ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ हा जोडशब्द रुळला. अचानक पडणाऱ्या गाठीत कुणी स्पेशालिस्ट कसा होईल? स्पेशालिस्ट व्हायला ते काम ठरवून, पुन्हा पुन्हा करावं लागतं. म्हणजे त्या जोडशब्दातच ‘झाला’चा ‘केला’ होऊन गेलेला होता. मराठी पेपरांनी त्याचं ‘चकमकफेम अधिकारी’ केलं, अमुक मालिका फेम अभिनेत्री लिहितात तसं, आणि मला हा शब्द मनापासून खटकतो, माणसं मेल्याच्या संख्येवर ‘फेम’ चिकटवणं कुठल्याच बाजूनं बरोबर नाही, त्या अधिकाऱ्याच्याही नाही.

आता दुबे प्रकरणाला हे शब्द लावून बघू, कारण त्या आठवड्यात एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी घडल्या. 2 जुलै 2020 च्या मध्यरात्री दुबेला पकडायला पोलिसांचं पथक कानपूरजवळच्या बिकरू गावात गेलं, रस्त्यात जेसीबी आडवा लावलेला, गच्च्यांवरून गोळीबार झाला आणि एका पोलीस उपअधीक्षकासह 8 पोलीस मारले गेले. पोलीस येणार ही खबर आतूनच फुटली असा संशय होता, स्थानिक ठाण्याच्या प्रमुखाला त्यासाठी अटकही झाली. या रात्रीला काही जण चकमक म्हणतात. माझ्या मते हा ‘घात लावून केलेला हल्ला’ आहे, पोलिसांवरचा हल्ला चकमक म्हटला की त्या 8 जणांवर झालेला अन्याय सौम्य होतो, हे पोलिसांच्या वागण्यावर टीका करणाऱ्यांनीही लक्षात ठेवायला हवं. मग पुढचे काही दिवस शोधमोहीम, नाकाबंदी, राज्यांच्या सीमांवर तपासणी, दुबेचं घर जमीनदोस्त, 5 लाखांचं इनाम, आणि त्याचे पाच साथीदार वेगवेगळ्या ठिकाणी पोलिसांच्या गोळीनं मेले. 9 जुलैला दुबे उज्जैनच्या महाकाल मंदिरात सापडला. 10 जुलैच्या सकाळी त्याला कानपूरला आणताना गाडी उलटली, त्यानं पोलिसाचं पिस्तूल हिसकावून पळायचा प्रयत्न केला, गोळीबार केला आणि प्रत्युत्तरात तो मारला गेला असं पोलिसांनी सांगितलं. ताफ्यामागून येणाऱ्या पत्रकारांच्या गाड्या त्याआधी थोडा वेळ अडवलेल्या होत्या, आणि त्याला असंच मारतील अशी भीती मांडणारी याचिका आदल्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली होती. वाद पेटला तो यावरून.

इथे ‘चकमक’ लिहिलं की तुम्ही नकळत पोलिसांची बाजू मान्य केलेली असते, कारण चकमक म्हटलं की समोरच्यानंही गोळी झाडली असं गृहीत धरलं जातं. कायद्यातही बरंचसं तेवढ्यावरच उभं असतं, पोलिसाला माणूस मारायचा मोकळा परवाना नाही, जीवाला धोका होता म्हणून झाडली, किंवा फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यातला आरोपी अटकेला विरोध करत होता म्हणून झाडली, असं दाखवायला लागतं. उलट ‘एन्काउंटर केला’ लिहिलं की ठरवून मारलं असं तुम्ही गृहीत धरता. दोन्ही वाक्यं निकाल देऊन मोकळी होतात आणि वाचकाला कळतही नाही. मला या बाबतीत कळकळीनं सांगावंसं वाटतं की मित्रानं सुचवलेलं वाक्य तुमच्यापेक्षा जास्त ‘रोखठोक’ नाहीये, त्यानं फक्त दुसऱ्या बाजूचा निकाल दिलाय, आणि त्याहून वाईट म्हणजे आजकाल ‘एन्काउंटर केला’ कौतुकानंही म्हणतात. तोच शब्द, तेच क्रियापद, एकाच्या तोंडी आरोप आणि दुसऱ्याच्या तोंडी शाबासकी.

चौकशीत काय निघालं? निवृत्त न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांच्या आयोगानं 2021 मधे अहवाल दिला, पोलिसांचं म्हणणं खोडून काढणारा पुरावा समोर आला नाही, लोकांकडून किंवा माध्यमांकडून विरुद्ध साक्ष द्यायला कुणी पुढे आलं नाही असा निष्कर्ष काढला, पण त्याच अहवालात दुबेला स्थानिक पोलीस आणि महसूल खात्यातल्या लोकांचा आश्रय होता हेही म्हटलं. त्यामुळे दुबेच्या बाबतीत ‘बनावट चकमक’ हे सिद्ध झालेलं तथ्य म्हणून लिहिता येणार नाही, शंका म्हणून लिहा, कुणाची शंका तेही लिहा. याउलट हैदराबादजवळ 6 डिसेंबर 2019 ला बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार अटकेतले आरोपी मारले गेले तिथे न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर आयोगानं पोलिसांची गोष्ट अविश्वसनीय ठरवली आणि जीव घेण्याच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या असं म्हटलं, हा अहवाल 2022 मधे बाहेर आला. मुंबईतल्या 2006 च्या लखनभय्या प्रकरणात (लखनभय्या हा पोलिसांच्या गोळीनं मेलेला माणूस) तर 2013 मधे सत्र न्यायालयानं 13 पोलिसांसह 21 जणांना दोषी धरलं. अशा ठिकाणी ‘बनावट चकमक’ बेधडक लिहा, आयोगाचा निष्कर्ष की न्यायालयाचा निकाल तेवढं सोबत सांगा. ‘कथित चकमक’ हा मधला शब्द आहे, कोरडा आहे, पण प्रामाणिक आहे.

बातम्यांमधे आणखी एक शब्द येतो, ‘कंठस्नान घातलं’. कंठस्नान म्हणजे मुळात डोकं न भिजवता गळ्यापासून खाली केलेली अंघोळ, त्यावरून गळ्याखाली रक्ताची अंघोळ म्हणजे शिरच्छेद. बखरीत, पोवाड्यात, रणांगणावर शोभतो. बेड्या घातलेल्या माणसाबद्दल लिहिताना हा शब्द वापरला की वाचकाच्या मनात आपोआप ढोल वाजायला लागतात आणि ‘पण नेमकं झालं काय?’ हा प्रश्न विचारायचा राहून जातो. ‘यमसदनी धाडलं’, ‘खात्मा केला’ यांचंही तेच. बातमीत, लेखात हे टाळा.

राहिलं ‘फरार’. तुमच्या मित्रानं यावर बोट ठेवलं नाही, पण तुमच्या वाक्यातली खरी चूक माझ्या मते हीच आहे. फरार हा अरबी शब्द, अर्थ पळून जाणं, पलायन. मराठीत ‘पसार झाला’ म्हणजे आत्ता डोळ्यादेखत सटकला, ‘फरार आहे’ म्हणजे शोध चालू आहे आणि अजून सापडलेला नाही, ती एक चालू अवस्था आहे. ‘परागंदा’ हा त्यांचा फारसी भाऊ, अर्थ विखुरलेला, घरदार सोडून रानोमाळ झालेला, त्यात गुन्हा असेलच असं नाही. आणि ‘भूमिगत’ आपण बेचाळीसच्या चळवळीतल्या लोकांना म्हणतो, तोही पोलिसांपासूनच लपलेला माणूस, पण शब्दात आदर आहे. दुबे 3 जुलैपासून 9 जुलैपर्यंत फरार होता. 10 जुलैला तो फरार नव्हता, पोलिसांच्या ताब्यात होता. हा फरक मोठा आहे, कारण पळत्या सशस्त्र माणसाशी गाठ पडणं वेगळं आणि ताब्यातल्या माणसाचा जीव जाणं वेगळं, ताब्यातल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी ज्यांच्या ताब्यात तो आहे त्यांची असते. "फरार गुंड चकमकीत ठार" या चार शब्दांत ती अटक नाहीशी होते आणि तिच्यासोबत जबाबदारीही.

म्हणून मी ते वाक्य असं लिहीन: "उज्जैनमधे ताब्यात घेतलेला विकास दुबे 10 जुलै 2020 रोजी कानपूरजवळ पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, त्यानं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला आणि ही चकमक होती असं पोलिसांचं म्हणणं आहे." लांब होतं, मान्य, मथळ्यात बसणार नाही. मथळ्यासाठी "विकास दुबे पोलिसांच्या गोळीबारात ठार" पुरे, ‘गोळीबारात’ला ‘पोलिसांच्या’ जोडलं की करणारा दिसतो आणि निकालही दिला जात नाही.

आणि नुसतं लिंग विचारलं असेल तर एन्काउंटर मराठीत बहुतेक जण पुल्लिंगी वापरतात, तो एन्काउंटर, ‘ते एन्काउंटर’ही काही जण म्हणतात, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. ‘झाला’ लिहा ‘केला’ लिहा, पण ‘केला’ लिहिणार असाल तर कुणी केला ते त्याच वाक्यात लिहा आणि ते कशावरून माहीत आहे ते पुढच्या वाक्यात.