वडिलांच्या (वय ६८, सोलापूर) मूत्राशयात अडीच सेंटिमीटरचा खडा आहे, पोट न फाडता निघेल का?

हो, एवढा खडा बहुतेक वेळा पोटाला चीर न देता निघतो. कमरेतून भूल देऊन लघवीच्या वाटेने दुर्बीण आत घालतात, होल्मियम लेसरने खडा फोडतात आणि ज्वारीच्या कण्यांएवढे झालेले तुकडे पाण्याने धुऊन काढतात. नंतर साधारण एक-दोन दिवस लघवीची नळी असते. नळीला जोडलेल्या पिशवीतली लघवी पहिल्या दिवशी फिकट गुलाबी दिसली तर घाबरू नका. रक्ताच्या गाठी येऊन नळी तुंबली तर मात्र लगेच सिस्टरला सांगा. मी इथे सोलापुरातच युरोलॉजीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन आहे, हे कायम पाहतो.

खडा चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे असेल, खूप खडे असतील किंवा मूत्रमार्ग अरुंद असेल, तर ओटीपोटावर छोटं छिद्र पाडून काढतात, क्वचित उघडं ऑपरेशनही लागतं.

आपल्याकडे उन्हाळा आणि बोअरच्या पाण्यावर सगळं ढकलतात, पण या वयात मूत्राशयात खडा होतो तो बहुधा प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून लघवी पूर्ण सुटत नाही म्हणून. तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी नक्की विचारा:

- सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरते?
- प्रोस्टेटचं काम त्याच वेळी करायचं का? ते राहिलं तर खडा पुन्हा होऊ शकतो.

आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका.