बंड्या पेटीबरोबर रडतो तेव्हा

"मॅडम, पेटी वाजवली की आमचा कुत्रा रडतो. त्याला त्रास होतो म्हणून रडतो, की घरात काही वाईट होणार असतं म्हणून?"

हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच घरांतून येतो. कुणाकडे शंख असतो, कुणाकडे सनई, कुणाकडे मुलाची बासरी. मी माणसांचं समुपदेशन करते, पण घरातलं जनावर घरच्यांच्या सुखदुःखातून वेगळं काढता येत नाही. त्यातला एक अनुभव त्या कुटुंबाच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. काकू शाळेतून निवृत्त झाल्या आणि आयुष्यभर राहून गेलेली पेटी शिकू लागल्या. दिवेलागण झाली की तासभर रियाज. बंड्या गावठी कुत्रा, २०१९च्या महापुराचं पाणी ओसरल्यावर चिखलात सापडलेलं पिल्लू. काकूंनी काळी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सा धरला की हा मान वर करून लांबलचक सूर काढायचा. वर्षभर घरादाराने त्याचं कौतुक केलं. मग ८६ वर्षांच्या सासूबाई पाय घसरून पडल्या, अंथरुणाला खिळल्या, आणि एका संध्याकाळी आतल्या खोलीतून म्हणाल्या, "कुत्रं रडतंय. त्याला दिसतंय काहीतरी."

त्या दिवशी पेटीवर कापड पडलं ते दोन महिने निघालं नाही. काकू मला म्हणाल्या, "भात्याला हात लावला की वाटतं, मी त्यांचं आयुष्य कमी करतेय." एवढं ओझं घेऊन ही बाई रोज त्याच सासूबाईंना भरवत होती.

अपशकुनाची समजूत मी हसण्यावारी नेत नाही. रात्री कुत्रं रडलं की काठी घेऊन हाकलणाऱ्या आज्या आपल्या सगळ्यांच्या घरात होऊन गेल्यात, आणि ती भीती खरीच असते. पण आधी कुत्रा काय करतो ते नीट बघायला हवं. मी काकूंना तीन संध्याकाळी मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगितलं. पेटी वाजताना तर कराच, पण घरात दुसरं जे काही संगीत लागतं तेव्हाही करा, म्हटलं. ते सगळं आम्ही आवाज पूर्ण बंद करून पाहिलं. कुत्र्याचा तो सूर आपल्या कानाला रडण्यासारखाच लागतो आणि एकदा रडणं ऐकलं की डोळ्यांनाही दुःखच दिसतं.

आवाज गेल्यावर वेगळंच दिसलं. पेटीवरचं कापड निघालं तसा बंड्या ओसरीवरून उठून आपणहून आत आला. भात्यापासून हातभर अंतरावर बसला. मान वर, तोंडाचा गोल चंबू, डोळे अर्धवट मिटलेले, शेपूट फरशीवर सैल. काकू थांबल्या की अंग झटकायचा आणि हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर ठेवायचा. दार सताड उघडं होतं, पण हा काही बाहेर गेला नाही.

कुत्रा लांडग्याच्या कुळातला. लांब पसरलेल्या आपल्या सोबत्यांना लांडगे अशाच ताणलेल्या सुराने साद घालतात. पेटीचा धरून ठेवलेला सूर, शंख, रुग्णवाहिकेचा भोंगा हे सगळं कुत्र्याच्या कानाला त्या हाकेसारखं लागतं आणि तो ओ देतो. काकूंनाच मग आठवलं की द्रुत, म्हणजे जलद लयीत वाजवताना तो गप्प असतो, सूर लांबवला की सुरू होतो.

पण खरी गोष्ट दुसऱ्या चित्रीकरणात होती. काकूंचा मुलगा कामावरून आला की हॉलमध्ये ब्लूटूथ स्पीकर लावतो. मोठा, जमिनीवर ठेवलेला, ठोका असा की फरशी थरथरते. गाणं सुरू होताच बंड्याने दोनदा ओठ चाटले, जांभई दिली, शेपूट पोटाशी घेतली आणि भिंतीच्या कडेकडेने मोरीत गेला. बंबाच्या मागे अंग चोरून बसला, तो गाणी संपेपर्यंत तिथेच. जांभई बघून आपल्याला वाटतं की झोप आली. ती ताणाची खूण होती.

मुलगा पडद्याकडे बघतच राहिला. "मला वाटायचं हा शहाणा झालाय. माझी गाणी लागली की आवाजसुद्धा करत नाही."

आपल्याला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला साधारण ४५,०००पर्यंत, आणि आपल्याला बारीक वाटणारा आवाजही त्याला लांबून कळतो. पण बंड्या पूर्वी या स्पीकरला घाबरत नसे. मोठ्या वयात आवाजाची भीती नव्याने बसली तर मी आधी पशुवैद्याकडे पाठवते. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये स्नायू-सांध्यांचं दुखणं आणि आवाजाची भीती यांचा संबंध दाखवला आहे. दचकलं की अंग आखडतं, दुखरा भाग कळवळतो आणि तो आवाज दुखण्याशी जोडला जातो. बंड्याच्या मागच्या पायाला लहानपणी मोटारसायकल लागली होती. डॉक्टरांना त्याच्या कमरेच्या सांध्यात दुखणं सापडलं, औषध सुरू झालं.

मुलाने स्पीकर जमिनीवरून उचलून कपाटावर ठेवला, आवाज निम्म्यावर आणला. मागच्या खोलीत गोधडी अंथरली आणि तिचं दार कायम उघडं ठेवलं. बंड्या तिकडे गेला तर त्याला ओढून आणायचं नाही, रागवायचं नाही. जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात गाणं लावायचं, त्याच वेळी आवडीचा खाऊ द्यायचा, आणि तो मोकळा बसला तरच काही दिवसांनी आवाज थोडा वाढवायचा. याला महिना-दोन महिने लागतात. मुलाने विचारलं, मग याला शांत करायला काय लावू? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २००२मध्ये निवाऱ्यातल्या कुत्र्यांना पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकवलं तेव्हा ती जास्त वेळ निवांत पडून राहिली, हेवी मेटलला जास्त भुंकली. मात्र रोज तेच लावलं की परिणाम ओसरतो, म्हणून बदलत राहा, एवढंच मी सांगितलं.

राहिल्या आजी, म्हणजे काकूंच्या सासूबाई. त्यांना भेटायला मी घरी गेले. त्यांचं माहेर मिरजेचं. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या गाणाऱ्या कुत्र्याची गोष्ट मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मी नुसतं विचारलं, तर आजी उशीवरून मान उचलून म्हणाल्या, "माझे वडील सांगायचे की! सुरात लावायचा म्हणे." आणि मग बराच वेळ वडिलांबद्दल, उरुसातल्या गाण्यांबद्दल बोलल्या. बंड्याचं चित्रीकरण त्यांना दाखवलं. तो हनुवटी गुडघ्यावर ठेवतो ते त्यांनी दोनदा बघितलं.

मी विचारलं, "आजी, मरणाची भीती वाटते का?"

"त्याची नाही गं बाई. रात्री जाग येते तेव्हा जवळ कुणी नसतं, त्याची वाटते."

काकू दारातच उभ्या होत्या. दोन महिने घरात बंड्याच्या रडण्यावर इतकं बोलणं झालं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मला स्वतःला हा प्रश्न पहिल्या दिवशी सुचायला हवा होता.

आता नातू आजीच्या खोलीत झोपतो. पेटी पुन्हा सुरू झाली आहे. बंड्या काळी पाचवर अजूनही सूर लावतो, आणि त्याला गप्प करायचा प्रयत्न कुणी करत नाही. स्पीकर लागला की तो कधी हॉलमध्ये थांबतो, कधी गोधडीवर जातो. मिरवणुकीच्या ढोल-डीजेला मात्र यातलं काही पुरणार नाही, म्हणून गणपतीचे दिवस त्याला बुधगावच्या मळ्यावर ठेवायचं ठरलंय, आणि तो निरोप मला आजींनीच फोनवर दिला.