फुटबॉलमध्ये तिशी ओलांडली की मिडफिल्डरची, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत खेळणाऱ्याची, कारकीर्द उतरणीला लागते का?

विंगरबद्दल, म्हणजे कडेने पळणाऱ्या खेळाडूबद्दल, विचारलं असतं तर बहुतेक 'हो' म्हणालो असतो. त्याची सगळी भाकरी वेगावर. मिडफिल्डरला मात्र एक सोय असते, पाय जड झाले की त्याला चार पावलं मागे सरकून खेळता येतं.

इटलीचा मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लोचंच बघा. गंमत म्हणजे तो मागे सरकला तो वयामुळे नाहीच, तेव्हा तो 21 वर्षांचा होता! दहा नंबरच्या जागेवर, म्हणजे स्ट्राइकरच्या मागे, खेळणारा पोरगा. इंटर मिलानमध्ये जम बसेना म्हणून 2001 च्या जानेवारीत त्याला लोनवर, म्हणजे काही काळापुरतं उसनं, ब्रेशिया क्लबला धाडलं. तिथे ती जागा साक्षात रॉबेर्तो बाज्जोची, इटलीच्या लाडक्या ताऱ्याची. मग प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात उभं केलं. त्याच एप्रिलमध्ये युव्हेंटसविरुद्ध शेवटची काही मिनिटं उरली असताना त्याने लांबून चेंडू उचलून दिला. बाज्जो पळत होता, चेंडू त्याच्या पाठीमागून येत होता. त्याने तो पायावर असा झेलला की त्या एकाच स्पर्शात गोलकीपर व्हॅन डर सार मागे पडला. गोल सगळ्यांना आठवतो तो बाज्जोचा, मी मात्र तो पास पुन्हा पुन्हा पाहिलाय.

त्या दिवशी युव्हेंटसचे प्रशिक्षक होते कार्लो अँचेलोत्ती. काही महिन्यांतच ते एसी मिलानला आले, पिर्लोही तिथेच आला होता, आणि हीच जागा पुढे त्याची कायमची झाली.

पुढे खेळताना पाठ गोलकडे असते आणि मानेवर बचावपटूचा श्वास. मागे आलं की अख्खं मैदान समोर दिसतं आणि विचार करायला अर्धा सेकंद जास्त मिळतो. पिर्लो तसाही कधी वेगवान नव्हता, त्यामुळे वयाने त्याचं हिरावून नेण्यासारखं फार काही नव्हतंच.

पण नुसती जागा बदलून भागत नाही, हे मी स्वतः भोगलंय. हौशी संघात मी वर-खाली पळणारा मिडफिल्डर. पस्तिशीत दम लागायला लागला, तेव्हा मित्रांनी मागे खेळवलं. पहिल्याच सामन्यात तीन वेळा चेंडू घालवला, कारण मी चेंडू पायात आल्यावर मान वर करत होतो. मुरलेले खेळाडू चेंडू येण्याआधीच दोनदा खांद्यावरून मागे बघून घेतात. लुका मॉड्रिचला 33व्या वर्षी, 2018 मध्ये, बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळाला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर, 2025 मध्ये, तो रिअल माद्रिद सोडून एसी मिलानला गेला. सामन्यात काही मिनिटं चेंडू सोडून फक्त त्याची मान बघा. लोथर मॅथॉयस तर आणखी मागे, थेट बचावफळीत गेला आणि 1982 ते 1998 असे पाच विश्वचषक खेळला.

ज्याचा खेळच टॅकल (समोरच्याच्या पायातून चेंडू हिसकावणं) आणि धावाधाव यांवर उभा असतो, त्याला मात्र हे सहसा जमत नाही. गुडघे आणि घोटे आधीच झिजलेले असतात.

आणि मागे खेळणाऱ्यालाही तोड आहेच. मार्च 2010 मध्ये मँचेस्टर युनायटेडने पार्क जी-सुंगला पिर्लोच्या मागे सावलीसारखं लावलं. पिर्लोला श्वास घेऊ दिला नाही, मिलान 4-0 ने हरलं. पुढच्याच वर्षी मिलानने त्याला सोडलं आणि वयाच्या 32व्या वर्षी तो फुकटात युव्हेंटसला गेला. तिथे त्याच्या दोन्ही बाजूंना विदाल आणि मार्किसियो त्याच्या वाट्याचंही पळायचे. त्या चार हंगामांत युव्हेंटसने चारही वेळा लीग जिंकली.