हरित सेना गळ्यात पडली का? मग आधी मे महिन्याचं बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पारोळा तालुक्यातली आठवीपर्यंतची शाळा, हरित सेना म्हणजे शाळेतल्या पोरांचं पर्यावरण मंडळ यावर्षी तुमच्याकडे आलं (नवीन शिक्षकाच्याच गळ्यात पडते, सगळीकडे तेच), हेडसरांना शंभर झाडं आणि फोटो पाहिजेत, आणि तुम्हाला पोरांकडून काहीतरी खरं काम करून घ्यायचंय. मी बरीच वर्षं हे बघतोय म्हणून जरा लांबण लावतो.

कुठलाही उपक्रम घेण्याआधी एवढंच विचारायचं की मे महिन्यात याला कोण बघणार. जुलैत लावलेलं रोप पावसाळा काढतं, थंडीही काढतं, खरा कस लागतो मार्चनंतर, आणि आपल्याकडे पारा 45 ला टेकतो नेमकी तेव्हाच शाळा बंद. वर अखाजीला (अक्षय तृतीयेला) माय माहेरी निघाली की पोरंही मामाच्या गावाला. आमच्या एका पोरीने पहिल्याच मीटिंगला सरळ विचारलेलं, "सर, सुट्टीमा पानी कोन टाकी?" बाकीचे हसले, पण मुद्दा तोच होता. म्हणून शंभरचा आकडा सोडा. सुट्टीत गावातच राहणारी, शाळेजवळची पोरं किती ते मोजा आणि तेवढीच झाडं लावा, झाडामागे दोन घरं धरा, एक बाहेरगावी गेलं तर दुसरं आहे. हेडसरांना सांगा की फोटो जुलैत एक आणि पुढच्या जूनमध्ये त्याच झाडाचा दुसरा, दोन्ही देते.

पाण्यासाठी माठ वापरा. अखाजीला घरोघरी नवी घागर येते, जुनी उकिरड्यावर जाते, ती पोरांना आणायला सांगा. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, नुसता पुरला तर पाझरत नाही, म्हणून बुडाला खिळ्याने हळूच भोक पाडायचं आणि त्यात कापसाची घट्ट वळलेली वात ओवायची (कापूस आपल्याकडे कमी नाही). रोपापासून वीतभर लांब गळ्यापर्यंत पुरायचा, तोंडावर फरशीचा तुकडा, नाहीतर डास होतात आणि कुत्री तोंड घालतात. वात सैल असेल तर माठ एका दिवसात रिकामा, घट्ट असेल तर तीन-चार दिवस पुरतो, हे पोरं स्वतःच करून बघून शिकतात, आपण सांगायची गरज नाही. आळ्यात पाला टाका. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडूनिंब झडतो तेव्हा शाळेत झाडून जाळायची पद्धत असते ती आधी बंद करा, तोच पाला उन्हाळ्यात कामाला येतो.

रोपं सामाजिक वनीकरणच्या रोपवाटिकेत मिळतात, पण निम्मी तरी पोरांनी बियांपासून करावीत. निंबोळी शाळा उघडता उघडताच पडते, गर धुवून सावलीत सुकवून लगेच पेरायची, दोन-तीन आठवडे ठेवली की उगवण घसरते. बाभळीचं बी कडक, उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात घालून रात्रभर ठेवायचं (गरम पाण्याचं काम तुम्ही करा). नाहीतर बकऱ्या पाळणाऱ्या घरातल्या पोराला विचारा, बकरीने शेंगा खाल्ल्या की लेंडीतून पडलेलं बी चांगलं उगवतं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि वर्गात मागे बसणारा तो पोरगा त्या दिवशी पुढे येतो. बहाव्याचं बी दगडावर घासून भिजवा. दुधाच्या पिशव्यांना खाली भोकं पाडली की झाली रोपाची पिशवी. गुलमोहर, सुबाभूळ नको, ते तसेही सगळीकडे आहेत.

झाडांशिवाय एक काम मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे विहिरीचं पाणी मोजणं. भूजल सर्वेक्षणवाले ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असं मोजतात, आपणही तेच महिने धरायचे. दोरीला दगड, मीटरच्या गाठी, कठड्यापासून पाण्यापर्यंत किती तो आकडा वहीत आणि शाळेच्या फळ्यावर. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात पाणी किती खोल गेलंय ते पेपरात येतं, पण स्वतःच्या काकाच्या विहिरीचा आकडा फळ्यावर लागला की घरात बोलणं सुरू होतं. कठडा नसलेली विहीर घ्यायचीच नाही आणि सोबत मोठं माणूस पाहिजेच, यात तडजोड नको.

सहल काढायची तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री मिळाली ते गाव. लोकांनी स्वतः नियम करून, दंड लावून जंगल राखलं, ते पोरांना गावकऱ्यांच्याच तोंडून ऐकू द्या. घोषवाक्य स्पर्धा वगैरे करायच्या तर करा, कागदावर लागतात. त्याऐवजी मी रानपिंगळ्याची (झाडाच्या ढोलीत राहणारं छोटं घुबड) गोष्ट सांगतो, 1884 नंतर कोणाला सापडलाच नव्हता, संपला असंच धरलेलं, आणि 1997 ला आपल्याच शहाद्याजवळ सापडला, तोही दिवसाउजेडी फिरणारा पिंगळा. मग पोरं आपोआप झाडांच्या ढोल्या बघत फिरतात, बोट किंवा काडी मात्र घालू देऊ नका.

तुमच्या शाळेत बोअर आहे की टँकर, आणि जमीन काळी की मुरमाड, ते कळवा. मुरमाड असेल तर खड्डे आत्ताच, उन्हाळ्यात घ्यायला लागतील.