सोलापुरात नवीन स्वयंपाकघर लावताना हाताने चालणारी कोणती साधनं आणि साठवणीचे कोणते डबे घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन सोलापुरात आलात, घरात दोघंच आहात, ओटा लहान आहे आणि मिक्सर सोडून हाताने चालणारी साधनं हवी आहेत. माझं पहिलं सांगणं असं, की वस्तू काय काय करते हे नंतर बघा, आधी ती धुवायची कशी ते बघा. इथे बऱ्याच भागांत नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. ज्या यंत्राचे पाच-सहा भाग सुटे करून घासावे लागतात ते हौसेने आणलं जातं आणि लवकरच माळ्यावर जातं. तांब्याभर पाण्यात जे स्वच्छ होतं, ते रोज हाताशी राहतं.

या हिशेबात विळीला तोड नाही. पातं एक, पुसलं की झालं, आणि टोकाला नारळही खोवता येतो. खाली बसणं जमत नसेल तर चांगली सुरी आणि लाकडी पाट घ्या. दोरी ओढायचा चॉपर कांद्याला बरा, पण कोथिंबीर त्यात चिरली जात नाही, पात्याला गुंडाळते. कांद्याचे चार तुकडे करून टाका, भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि दोरी आडवी ओढा. वर खेचली की ती कडेला घासून झिजते. झाकण पाण्यात बुडवायचं नाही, कारण दोरीची गुंडाळी त्यातच असते. ओलं राहिलं की कुबट वास धरतं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत असल्या वस्तूंचे स्टॉल लागतात. दाखवणारा कडक, कोरडी भाजी चिरून दाखवतो. त्याला पिकलेला टोमॅटो चिरायला सांगा, मग ठरवा.

पैसे खर्च करायचेच असतील तर खलबत्त्यावर करा, आणि जड घ्या. सोलापुरात राहून शेंगा चटणी घरी करणार नसाल तर मोठ्या सुखाला मुकाल. मिक्सरचं पातं दाणा कापतं, म्हणून कोरडा कूट होतो. बत्ता दाणा चेपतो, त्यामुळे तेल सुटतं आणि चटणी मुठीत गोळा धरते. दाणे मंद आचेवर खमंग भाजून सालं काढा, मग लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून थोडं थोडं कुटा. एकदम भरलं की दाणे बाहेर उडतात. दगडी खल नवा असेल तर आधी मूठभर तांदूळ त्यात कुटून टाकून द्या. पीठ पांढरंशुभ्र निघेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं, नाहीतर बारीक कच अन्नात येते. लोखंडी खल धुतल्याबरोबर कोरडा करून तेलाचं बोट फिरवा. त्यात चिंच किंवा लिंबू नको.

पोळ्या दाबायचं यंत्र भाकरीसाठी मात्र आणू नका. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ ताणलं जात नाही. दाबलं की कडा फाटतात आणि गोळा वरच्या तबकडीला चिकटतो. गरम पाण्यात मळलेलं पीठ, रुंद परात आणि तळहात, एवढ्यावरच भाकरी होते. आठवडाभर जमणार नाही, मग जमेल.

बाकीचं पटकन सांगते. किसणी सपाट घ्या, चौकोनी उभीच्या आतल्या कोपऱ्यात कीस अडकतो. सांडशी घेताना रिव्हेट हलवून बघा. चकलीचा सोऱ्या पितळी आणि दांडा फिरवायचा असलेला बरा, दाबायच्या सोऱ्याने मनगट दुखतं. पुरणयंत्र दोघांसाठी विकत घेऊ नका, होळीला शेजारी मागा, नाही कोणी म्हणत नाही.

आता साठवण. साधनांपेक्षा मला तीच जास्त महत्त्वाची वाटते, कारण इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि माल पटकन बिघडतो. मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीची, काढणीनंतर नवी बाजारात आली की घ्या. कडक उन्हात वाळवा, पण ऊन ऊन कोठीत भरू नका. गरम धान्याची वाफ झाकणाखाली जमते आणि तिथूनच बुरशी सुरू होते. रात्रभर सावलीत निवू द्या, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घाला आणि कोठी काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहील. कोठी जमिनीवर नको, फळीवर ठेवा. दळण मात्र थोडंच आणा. ज्वारीच्या पिठातला स्निग्धांश उन्हाळ्यात लवकर बिघडतो आणि भाकरी कडवट लागते.

शेंगदाणे सोलून ठेवण्यापेक्षा शेंगाच ठेवा, टरफलात ते जास्त टिकतात. बुरशी आलेला किंवा काळपट दाणा चटणीत जाऊ देऊ नका. त्यातलं अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, भाजूनही पूर्ण जात नाही. चटणी काचेच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात. प्लॅस्टिकच्या डब्याला तेलाचा खवट वास बसतो, तो जात नाही. हवाबंद डब्याची रबरी कडी दर वेळी काढून धुवा, किड्यांपेक्षा बुरशी तिथेच आधी लपते. मिसळणाचा डबा शेगडीपासून लांब ठेवा, उष्णतेने तिखटाचा रंग आणि वास दोन्ही जातात. लोणच्याला चिनी मातीची बरणी आणि वर दादरा, म्हणजे तोंडाला बांधायचं फडकं.

ओट्यावर तोटीचं एक लहान पिंप ठेवा. बारीक धारेखाली भांडी धुतली की पाणी किती वाचतं ते दिसेल. तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे आणि स्वयंपाकघराची भिंत पश्चिमेला आहे का, ते कळवा. त्यावरून कोठी नेमकी कुठे ठेवायची ते सांगता येईल.