फॉर्मवर ‘अँटिक’ लिहू नका

‘अँटिक’ लिहू नका. पुढचं उत्तर लांबलंय, ते सवडीने वाचा, पण पार्सलचा कस्टम्सचा फॉर्म आजच भरणार असाल तर एवढं आधी.

तुम्ही लिहिलंय की लाइपझिगच्या जुन्या बाजारात ४० युरोंना लाकडी राजा (नुसक्नाकर, म्हणजे जबड्यात अक्रोडासारखी कवचाची फळं फोडणारा जर्मन बाहुला) मिळाला, विकणारा म्हणाला ‘शंभर वर्षांचा अस्सल फ्युश्टनर’ (हे असे बाहुले घडवणाऱ्या घराण्याचं नाव), तो रत्नागिरीला आईकडे गणपतीच्या आत पोचवायचाय, आणि पार्सलवर ‘अँटिक’ लिहिलं तर लोक तो जपून हाताळतील का. सहा वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. माझा राजा ३५ युरोंचा, चेमनिट्सच्या बाजारातला. गाव सावंतवाडी, महिना मे. ‘नाजूक’ हा शब्द सगळेच लिहितात, ‘अँटिक’ वाचून तरी हात हळू पडेल, अशी माझी समजूत.

बोलताना आपण जुन्या कुठल्याही वस्तूला अँटिक म्हणतो. कस्टम्सच्या वर्गवारीत मात्र अँटिक म्हणजे शंभर वर्षांहून जुनी वस्तू. त्या शब्दासरशी पुरावा मागितला जातो. मुंबईतल्या एका कार्यालयात (नाव लिहीत नाही, आता त्याचा उपयोगही नाही) माझं पार्सल अडकलं आणि वडिलांना पत्र आलं: वस्तूच्या वयाचा दाखला द्या. मी इथून विकणाऱ्याच्या भरवशावर ‘अंदाजे शंभर वर्षे’ असं पत्र लिहून पाठवलं. पहिल्या चुकीपेक्षा ही दुसरी जड गेली, कारण आता तोच दावा माझ्या सहीनिशी फायलीत बसला.

वडील तेव्हा ७१ वर्षांचे. रात्रीच्या गाडीने ते दोनदा मुंबईला गेले. पहिल्या खेपेला सांगितलं, तज्ज्ञाचा दाखला आणा. कुठला तज्ज्ञ, ते कोणी सांगेना. दुसऱ्या खेपेला टेबलावर वेगळा माणूस, त्याने फाईलच उघडली नाही आणि मुलीलाच जर्मनीहून मेल करायला सांगितलं. मी चार मेल केले, उत्तर एकाचंही नाही. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. लाकडी बाहुला पुठ्ठ्याच्या खोक्यात, मुंबईच्या पावसात, गोदामात. गोदामाचं भाडं वस्तूच्या किमतीच्या वर गेलं. भाड्याचं मला आज काही वाटत नाही. वडिलांना त्या बाकावर दोन-दोन तास बसवून ठेवलं, त्याचा राग अजून गेलेला नाही आणि जाईल असं वाटतही नाही.

सुटका झाली ती सप्टेंबरात, तिसऱ्या खेपेला, आणि वडिलांच्या नजरेमुळे. खोकं समोर उघडल्यावर त्यांना दिसलं की राजाच्या पाटाखाली हिरवं फेल्ट (दाबून केलेलं लोकरी कापड) चिकटवलंय. त्यांनी अधिकाऱ्याच्या परवानगीने त्याचं एक टोक नखाने सोडवलं. खाली शिक्का होता: ‘एक्सपर्टिक’ हे मालाचं छापाचं नाव, आणि त्याखाली ‘मेड इन जीडीआर’. जीडीआर म्हणजे पूर्व जर्मनी, १९४९ साली झालेला आणि १९९० साली संपलेला देश. म्हणजे माझा राजा शंभर वर्षांचा असणं शक्यच नव्हतं. अर्ज दुरुस्त झाला, ‘लाकडी शोभेची वस्तू’ असं लिहिलं, कर भरला, आणि अर्ध्या तासात पार्सल हातात. फेल्ट मी इथेच उचलून पाहिलं असतं तर साडेतीन महिने वाचले असते.

म्हणून आधी तुमचा राजा पालथा करा. मग विकणाऱ्याच्या बोलण्याकडे वळा.

फ्युश्टनर हे नाव बाजारात फार सैल वापरतात, त्यामुळे थोडं मागचं सांगते. चेक सीमेला लागून एर्त्सगेबिर्ग आहे, शब्दशः ‘खनिजाचे डोंगर’. त्यातलं सायफेन हे गाव कथिलाच्या खाणींवर जगायचं. खनिज आटत गेलं तसे लोक लाकडाकडे वळले. जी पाणचाकं खनिज कुटायची, त्यांवरच पुढे लाकूड कातायचे लेथ फिरू लागले. दात विचकणारे लाकडी बाहुले त्याआधीही बनत होते, पण आज आपण जो राजा ओळखतो, मुकुट, लाल डगला, भरघोस मिशी, तो विल्हेल्म फ्रीडरिश फ्युश्टनर यांनी १८७० च्या सुमारास लेथवर कातून घडवला. १८५१ साली आलेल्या हाइनरिश होफमान यांच्या ‘राजा नुसक्नाकर’च्या चित्रपुस्तकावरून त्यांना तो सुचला असं सांगतात. (‘नटक्रॅकर’ हा प्रसिद्ध बॅले ज्या गोष्टीवर आहे, ती १८१६ ची गोष्ट दुसऱ्या होफमानची, ई. टी. ए. होफमान यांची. दोघांची गल्लत जर्मन लोकही करतात.) फ्युश्टनर घराणं आजही सायफेनमध्ये हेच काम करतं. पण त्यांच्या राजाच्या नकला दीडशे वर्षं होत आल्यात, तेव्हा चेहरा तसाच दिसतो एवढ्यावरून काही ठरत नाही.

माझं मत विचाराल तर जीडीआरचा शिक्का निघाला तरी हिरमुसू नका. त्या काळातलं चांगलं कातकाम परकीय चलनासाठी पश्चिमेला जायचं, आणि ज्या डोंगरात ते बनायचं तिथल्याच दुकानात ते मांडलेलं नसायचं. अशा मालाला तिकडे ‘ब्युकवारे’ म्हणायचे, म्हणजे ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी दुकानदार वाकून काउंटरखालून काढून देतो तो माल. माझ्या शेजारच्या आजी सांगतात, त्यांना आपल्याच जिल्ह्यातला नुसक्नाकर पहिल्यांदा मिळाला तो लग्नानंतर सात वर्षांनी. अशी गोष्ट ज्या वस्तूमागे आहे तिला शंभर वर्षांच्या खोट्या वयाची गरज नाही.

आता जबड्याचं. तुम्ही लिहिलंय, पाठीमागची दांडी घट्ट झालीय, खोबरेल तेल सोडू का? नको. दांडी आणि हनुवटी हा एकच लाकडाचा तुकडा असतो. धडात आरपार खाच असते, तीत तो बसतो आणि आडव्या खिळीवर फिरतो. मागची लांब दांडी वर उचलली की तोंड उघडतं, दाबली की मिटतं. लाकूड दमट हवेत फुगतं ते रेषांना आडवं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून राजाची उंची तेवढीच राहते, पण खाचेत जबडा आवळला जातो. तेल आत मुरतं, रंगाखाली शिरतं, आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. जोर लावलात तर खिळीपाशी चीर जाते, आणि ती चीर सांधणं अवघड.

माझा राजा गोदामातून आला तेव्हा जबडा हलतच नव्हता, सशाच्या केसांची दाढी एका बाजूने गळली होती. वडिलांनी त्याला उन्हात ठेवलं नाही. माळ्याखालच्या कोरड्या खोलीत, कागदावर आडवा, दिवाळी होऊन जाईपर्यंत तसाच ठेवला. मग चितारआळीतल्या एका ओळखीच्या कारागिरांकडे नेला. त्यांचा जन्म लाकडी फळं आणि खेळणी करण्यात गेलेला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि पहिलं विचारलं ते लाकूड कुठलं. मग खिळी एका बाजूने ठोकून काढली, जबडा बाहेर घेतला, दोन्ही अंगांना काचपेपर मारला, अगदी वहीच्या पानाएवढं अंतर राहील इतकाच, आणि परत बसवला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, डोळे चांगले काढलेत. सायफेनच्या कुणा अनोळखी माणसाचं काम सावंतवाडीच्या माणसाने असं ओळखावं, हे वडिलांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं.

तुमच्याकडे इथे वेळ असेल तर जबडा सायफेनलाच दाखवा. ख्रिसमसच्या आधीची गर्दी टाळा, तेव्हा कोणाला मान वर करायलाही उसंत नसते. गेलात तर तिथलं खेळण्यांचं संग्रहालय बघा आणि कातलेल्या कड्यातून प्राणी कापतात ते जरूर बघा. लाकडाचं गोल कडं अशा बेताने कातलेलं असतं की केकसारखा काप काढला की घोडा किंवा गाय निघते. कातताना कारागिराला तो घोडा दिसत नसतो, सगळं हाताच्या अंदाजावर.

अक्रोड फोडून बघायचा मोह होईल, तो आवरा. आपला अडकित्ता पोलादाचा, त्याला सुपारी काहीच नाही. हा लाकडाचा, आणि जुना. नव्या चांगल्या राजाने हेझलनट फुटतो, अक्रोड त्याच्या तोंडात मावतही नाही. शोभेसाठी केलेल्या स्वस्त बाहुल्यांनी तर शेंगदाण्याच्या वर जाऊच नये.

मी कस्टम्सची जाणकार नाही. नियम आणि दर बदलतात, माझा अनुभव सहा वर्षं जुना आहे, तेव्हा पाठवण्याआधी ताजं काय ते विचारा. पण माझ्या मते पाठवूच नका. पावसाळ्यात तर नाहीच. डिसेंबरात तुम्ही घरी जाणार असं लिहिलंय, तेव्हा हातातल्या बॅगेत न्या, लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकची पिशवी न लावता. ३० ते ४० सेंटिमीटरचा असेल तर केबिन बॅगेत तिरका बसतो. पावती सोबत असू द्या, आणि तिच्यावरही ‘अँटिक’ छापलेलं नाही ना ते वाचून घ्या. गणपती हुकेल हे खरं, पण आईला तो कोरडा आणि तोंड उघडणारा मिळेल.

रत्नागिरीत तो बंद काचेच्या कपाटात ठेवू नका, आत बुरशी धरते. वडिलांनी आमचा दिवाणखान्यात, खिडकीपासून दूर, उघड्या फळीवर ठेवलाय. आठवड्यातून एकदा कोरड्या रंगाच्या ब्रशने दाढी झाडतात, कसर लागू नये म्हणून. जबडा रोज सकाळी एकदा वरखाली करतात.

पाटाखालचा फोटो टाका. फेल्ट असेल तर सुरी वापरू नका, केस वाळवायच्या यंत्राची अगदी मंद ऊब दुरून द्या आणि कोपऱ्यातून सोडवा. शिक्का पुसट असेल तर दिवा बाजूने तिरका धरून फोटो घ्या, अक्षरं उठून दिसतात. मी रात्री बघते.